फळ्यापासून लॅपटॉपपर्यंत : यंत्र आले, पण शिकवणार कोण?

जून महिना जवळ आला की आपल्या मोहल्ल्यातील घराघरांतून एक हिशेब सुरू होतो. गणवेश, वह्या, दप्तर, फी आणि बसभाडे ही त्या हिशेबातील जुनी कलमे. अलीकडे त्यांत एका नव्या कलमाची भर पडली आहे आणि ते इतर सर्वांहून जड आहे. शाळेत व्हिडिओ धडे सुरू होणार आहेत, पुढच्या इयत्तेत लॅपटॉप लागणार आहे, तो नसेल तर निदान एक बरा मोबाईल तरी मुलाच्या हाती हवा, असे कानांवर येते. मग कोणी भिशी उचलतो, कोणी आखातात नोकरीला असलेल्या भावाला निरोप धाडतो, कोणाच्या घरी कपाटातील दागिना बाहेर निघतो. एवढी झीज सोसणाऱ्या आईबापांना एक प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. या यंत्राने माझे मूल खरोखर शिकेल काय?

दुकानदाराला विचाराल तर तो होय म्हणेल. एखाद्या वृद्ध गुरुजींना विचाराल तर ते कदाचित मान हलवून नाही म्हणतील. दोघांच्याही उत्तरावर विसंबण्याचे कारण नाही, कारण या प्रश्नाला इतिहासाने उत्तर दिलेले आहे. वर्गात यंत्र येण्याची ही पहिली वेळ नव्हे. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणक असे चार पाहुणे शाळेच्या दारी येऊन गेले. प्रत्येकाचे स्वागत मोठ्या थाटाने झाले. काही नुसता खर्च करवून गेले, काहींनी खरोखर हित केले. कोणामुळे काय घडले आणि का घडले, हे समजून घेतले तर आपल्या घरचा निर्णय करणे पुष्कळ सोपे जाईल. त्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

जुने स्वप्न

बोलत्या यंत्राचा व विजेच्या दिव्याचा निर्माता म्हणून ज्याचे नाव आपण शाळेत शिकतो, त्या थॉमस एडिसनने १९१३ साली असे भाकीत केले होते की, लवकरच शाळांतून पुस्तके हद्दपार होतील, सर्व विषय चित्रपटाच्या साहाय्याने शिकविले जातील आणि दहा वर्षांत शाळेचे रूप पार पालटून जाईल. एडिसन हा काही स्वप्नाळू माणूस नव्हता. चित्रपटाच्या यंत्राचा त्याच्याइतका जाणकार त्या काळी क्वचितच कोणी असेल. तरीही ते भाकीत खोटे ठरले. दहा वर्षे गेली, शंभर गेली, पुस्तक आपल्या जागी आहे आणि खडू-फळाही बहुतेक ठिकाणी आहे.

असे का झाले? यंत्र नीट चालले नाही म्हणून नव्हे. पडद्यावर फूल उमलताना दिसले, ज्वालामुखी फुटताना दिसला, मुले डोळे विस्फारून पाहत राहिली. परंतु पाहणे आणि शिकणे यांत अंतर असते. पडदा काळा झाल्यावर मुलाने काय विचारले, काय लिहिले, कोठे अडले आणि त्याला कोणी सोडविले, यावर शिक्षण अवलंबून असते. एडिसनच्या हिशेबात यंत्र होते, चित्र होते, मूलही होते. चित्र संपल्यानंतरची वेळ मात्र नव्हती.

पुणे परिसरातील रेडिओ मंडळे

हाच मुद्दा आपल्या महाराष्ट्रात एका प्रयोगाने इतका स्पष्ट केला आहे की, जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या सहकार्याने पुणे केंद्राच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ ग्रामसभा’ स्थापन केल्या. आठवड्यातून दोनदा शेती, आरोग्य, सहकार अशा विषयांवर कार्यक्रम होई. गावातील वीसएक माणसे चावडीत किंवा शाळेत जमून तो ऐकत आणि कार्यक्रम संपल्यावर रेडिओ बंद करून त्यावर आपसांत चर्चा करीत. चर्चेतून निघालेले प्रश्न आकाशवाणीकडे जात आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. तिच्यासाठी तीन प्रकारची गावे निवडली होती. काही गावांत रेडिओही होता व मंडळही होते, काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काहींत दोन्ही नव्हते. ज्या गावांत ऐकून झाल्यावर चर्चा होत असे, तेथील लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढले. ज्या गावांत केवळ रेडिओ होता, तेथे फारसा फरक पडला नाही. यंत्र तेच होते, आवाज तोच होता, मराठीही तीच होती. फरक होता तो पुढल्या अर्ध्या तासाचा आणि एकत्र बसलेल्या माणसांचा. वाचकहो, लॅपटॉपचा विचार करताना ही तीन प्रकारची गावे नजरेसमोर ठेवावीत. पुढील सर्व इतिहास म्हणजे त्यांचीच पुनरावृत्ती आहे.

दोन देश, एकच दूरचित्रवाणी

रेडिओमागोमाग दूरचित्रवाणी आली. १९६० नंतरच्या दशकात जगातील अनेक सरकारांना असे वाटू लागले की, चांगल्या शिक्षकांची उणीव भरून काढण्यास यासारखा दुसरा उपाय नाही. आपल्या देशातही १९६१ साली दिल्लीच्या शाळांतून दूरचित्रवाणीचे पाठ सुरू झाले. प्रयोगशाळा नसलेल्या शाळांतील मुलांना विज्ञानातील प्रयोग निदान पडद्यावर तरी दिसावेत, हा त्यामागील एक हेतू होता.

त्या काळातील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पॅसिफिक महासागरात अमेरिकन सामोआ नावाची छोटी बेटे आहेत. तेथील शाळांची स्थिती वाईट होती. १९६४ साली तेथे एकदम दूरचित्रवाणीवर आधारलेली शिक्षणपद्धती लागू करण्यात आली. मुख्य पाठ पडद्यावरचा शिक्षक देई आणि वर्गातील शिक्षकाने त्याच्या मागोमाग मुलांकडून उजळणी करून घ्यावी, अशी योजना होती. स्वतःच्या वर्गात स्वतःच दुय्यम ठरलेला शिक्षक कितपत रमणार? काही वर्षांतच वरच्या वर्गांतील शिक्षक व विद्यार्थी कुरकुर करू लागले. पुढे पडद्याचा वापर हळूहळू कमी होत गेला आणि शिकविण्याचे काम पुन्हा वर्गातील शिक्षकाकडे आले.

दुसरे उदाहरण मेक्सिकोचे. तेथे १९६८ साली ‘टेलेसेकुंदारिया’ ही योजना सुरू झाली. प्रत्येक विषयाला निराळा शिक्षक देणे शक्य नसलेल्या दूरच्या खेड्यांत माध्यमिक शाळा काढावयाची, तेथे सर्व विषयांसाठी एकच शिक्षक नेमावयाचा आणि त्याच्या मदतीला दूरचित्रवाणी द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. तासाच्या आरंभी सुमारे पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होई. उरलेला वेळ पुस्तक, स्वाध्याय आणि शिक्षकाबरोबरची चर्चा यांसाठी असे. ही योजना पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकून आहे आणि दहा लाखांहून अधिक विद्यार्थी तिच्या शाळांतून शिकतात. एका देशाने पडद्याला गुरू केले व शिक्षकाला मदतनीस, दुसऱ्याने शिक्षकाला गुरू ठेवले व पडद्याला मदतनीस केले. कोण टिकले ते आपणांसमोर आहे.

आकाशातून आलेली शाळा

आपल्या देशाने याहून मोठे धाडस केले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षासाठी अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताच्या उपयोगास मिळाला आणि राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील २४०० खेड्यांत थेट आकाशातून दूरचित्रवाणी पोहोचली. ‘साइट’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची छत्री शाळेवर किंवा पंचायतीवर उभी असे. सकाळी दीड तास मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. महाराष्ट्रातील खेडी या प्रयोगात नव्हती, पण मुलांसाठी दाखविलेले विज्ञानाचे कार्यक्रम तयार करण्याचे काम मुंबईत झाले, ही आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

या प्रयोगातील एका भागाचा उल्लेख फारसा होत नाही. साइटच्या काळात दोन खेपांत मिळून सुमारे ४८००० प्राथमिक शिक्षकांना बारा बारा दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यात दूरचित्रवाणी होती, रेडिओ होता, छापील साहित्य होते आणि हाताने करावयाचे प्रयोगही होते. म्हणजे ज्यांनी हे यंत्र आणले, त्यांनी शिक्षकाला विसरून चालणार नाही हे ओळखले होते. ठरलेले वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि अनेक गावांतील पडदे शांत झाले. परंतु शिक्षक जे शिकला, ते त्याच्याबरोबर वर्गातच राहिले.

पुढे इन्सॅट मालिकेतील उपग्रह आले. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला आणि त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था उभी राहिली. आज जे पालक आहेत, त्यांतील पुष्कळांनी लहानपणी तिचे मराठी कार्यक्रम आवडीने पाहिले असतील. २०१७ साली ती संस्था बंद झाली. त्या कार्यक्रमांचा दर्जा चांगला होता, पण एक अडचण त्या माध्यमातच होती. कार्यक्रम ठराविक वेळी लागे. त्या वेळी वीज गेली, संच बिघडला, अथवा एखादे वाक्य समजले नाही, तरी तो थांबत नसे. ‘पुन्हा एकदा सांगा’ असे दूरचित्रवाणीला म्हणता येत नव्हते. ही अडचण पुढल्या यंत्राने दूर केली.

लॅपटॉपची कहाणी

संगणक भारतातील शाळांत प्रथम मोठ्या प्रमाणावर आला तो १९८४ साली ‘क्लास’ या सरकारी योजनेतून. आरंभी सुमारे २५० शाळा निवडल्या होत्या. संगणक एका वेगळ्या खोलीत, कुलपात असे आणि मुले आठवड्यातून एखादा तास रांगेने त्याच्या दर्शनास जात. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःचा संगणक असावा हा विचार त्या मानाने नवा आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील मेथडिस्ट लेडीज कॉलेज या मुलींच्या शाळेने १९९० साली पाचवीच्या वर्गापासून तो अमलात आणला. २००२ साली अमेरिकेच्या मेन राज्याने सरकारी शाळांतील सातवीच्या सर्व विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्यास सुरुवात केली.

गरीब देशांतील मुलांसाठी ही कल्पना मांडली ती निकोलस निग्रोपाँटे या अमेरिकन प्राध्यापकाने. २००५ साली त्याने घोषणा केली की, शंभर डॉलरांत मिळणारा लॅपटॉप तयार करून प्रत्येक मुलाच्या हाती देऊ. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, उन्हातही वाचता येणारा तो छोटा संगणक प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट किमतीला पडला. भारत सरकारने २००६ साली ही योजना स्वीकारण्यास नकार दिला. तरीही त्या लॅपटॉपचा देशातील पहिला प्रयोग झाला तो आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट या गावच्या एकशिक्षकी शाळेत, २००७ साली. वीस-बावीस मुले, सर्व इयत्ता एकाच खोलीत, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक लॅपटॉप. मुले तो घरी नेत. एका गुरुजींना चार इयत्ता सांभाळावयाच्या असतात, तेव्हा एका गटाला स्वतःहून काम करता येणे हीच मोठी सोय असते. परंतु एका गावचा प्रयोग वेगळा आणि संपूर्ण देशाची योजना वेगळी.

पेरू या देशाने या योजनेखाली आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. त्यांतील ३१९ ग्रामीण शाळांची शास्त्रशुद्ध पाहणी होऊन २०१२ साली अहवाल प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळून सव्वा वर्ष झाल्यावरही गणित व भाषा या विषयांत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतील मुलांत फरक आढळला नाही. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, एवढेच. शिक्षकांचे प्रशिक्षण अपुरे होते, बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि रोजच्या धड्यात त्या यंत्राचे काय करावयाचे, हे कोणी नीट ठरविलेले नव्हते. पुणे परिसरातील ‘रेडिओ होता पण मंडळ नव्हते’ ती गावे आठवतात ना?

त्याच खंडातील उरुग्वे या छोट्या देशाने २००७ साली आरंभ करून २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास लॅपटॉप दिला. तेथेही पहिल्या काही वर्षांत नुसत्या लॅपटॉपने गणित-वाचन सुधारल्याचे दिसले नाही. पण तो देश तेवढ्यावर थांबला नाही. इंग्रजीचे शिक्षक पुरेसे नव्हते, म्हणून २०१२ साली तेथे एक नवी रीत सुरू झाली. आठवड्यातून एकदा दूरदेशी बसलेला इंग्रजीचा शिक्षक पडद्यावरून थेट वर्ग घेतो. आठवड्यातील इतर तासांना वर्गातीलच शिक्षक त्याची उजळणी करून घेतो. त्याला स्वतःला इंग्रजी फारसे येत नसले तरी चालते, तोही मुलांबरोबर शिकतो, आणि पडद्यावरचा व वर्गातला असे दोन्ही शिक्षक मिळून पाठ ठरवितात. येथे यंत्राने शिक्षकाला बाजूला सारलेले नाही. त्याला एक जोडीदार मिळवून दिला आहे.

व्हिडिओ धडा : खरा फरक कोठे पडला?

आता व्हिडिओ धड्याकडे वळू. हा खान चित्रपटातला नव्हे, पण नाव मात्र तेच. बंगाली आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेला सलमान खान हा तरुण बोस्टन येथे एका गुंतवणूक कंपनीत नोकरीस होता. २००४ साली तो दूरच्या गावी राहणाऱ्या नात्यातील एका मुलीला फोनवरून व संगणकावरून गणित शिकवू लागला. नात्यातील मुले वाढली, वेळ पुरेना, म्हणून २००६ पासून त्याने छोटे छोटे धडे ध्वनिचित्रमुद्रित करून यूट्यूबवर ठेवले. गंमत अशी की, प्रत्यक्ष खानपेक्षा हे मुद्रित धडेच मुलांना अधिक बरे वाटले. कारण उघड आहे. चौथ्यांदा तीच गोष्ट विचारावयास माणसापुढे लाज वाटते, यंत्रापुढे वाटत नाही. याच धड्यांतून पुढे विनामूल्य शिक्षण देणारी ‘खान अकॅडमी’ ही संस्था उभी राहिली.

त्यानंतर एक वर्षाने, २००७ साली, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील वुडलँड पार्क या डोंगराळ गावी जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक एका साध्या अडचणीवर उपाय शोधत होते. खेळांच्या सामन्यांसाठी मुलांना दूरच्या गावी जावे लागे आणि त्यांचे तास बुडत. या दोघांनी आपले पाठ मुद्रित करून ठेवण्यास सुरुवात केली. मग त्यांच्या ध्यानी आले की, मुलाला शिक्षकाची खरी गरज पाठ ऐकताना नसते, उदाहरण सोडविताना अडल्यावर असते. आणि नेमक्या त्या वेळी ते घरी एकटे असते. म्हणून त्यांनी सगळा क्रमच उलटा केला. पाठ घरी पाहावयाचा आणि गृहपाठ वर्गात करावयाचा. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते त्यांना धड्यांची तबकडी करून दिली, म्हणजे कोणी मागे राहू नये. या पद्धतीला ‘उलटा वर्ग’ म्हणतात.

या पद्धतीचे मर्म समजून घेण्याजोगे आहे. पाऊण तासाच्या तासिकेत हजेरी, शिस्त आणि पाठ सांगणे यांतच शिक्षकाचा बहुतेक वेळ जातो. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या बाकापाशी जाऊन ‘बाळ, तुझे कोठे अडले?’ असे विचारावयास त्याला मिनिटभरही सापडत नाही. व्हिडिओने सांगण्याचे काम उचलले, तर तेवढा वेळ मोकळा होतो. त्या मोकळ्या वेळात शिक्षक बाकाबाकापाशी गेला, तर यंत्राचे पैसे वसूल झाले. व्हिडिओ लावून शिक्षक खुर्चीत बसून राहिला, तर मात्र आईबापांचा दागिना वाया गेला असे समजावे.

याला आपल्या देशातील पुरावाही आहे. २०१५ साली दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेबाहेर चालणाऱ्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रांची पाहणी झाली. तेथे संगणक प्रत्येक मुलाला त्याच्या इयत्तेचे नव्हे तर त्याला झेपेल त्या पातळीचे उदाहरण देई, आणि जोडीला लहान गटात माणूस शिकवी. अवघ्या साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत मुलांनी ठळक प्रगती केली आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना तिचा विशेष लाभ झाला. पेरूतील लॅपटॉप आणि दिल्लीतील संगणक यांत यंत्र म्हणून फार भेद नाही. भेद आहे तो योजनेचा.

आपल्या घरातील प्रश्न

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि जो विषय परिषदांतून चर्चिला जाई तो एका रात्रीत प्रत्येक घराचा झाला. केरळने १ जून २०२० पासून आपल्या शैक्षणिक वाहिनीवर रोजचे वर्ग सुरू केले. महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. पण त्या काळात सर्वांत कठीण प्रश्न निघाला तो यंत्राचा नव्हे, वाटणीचा. घरात मोबाईल एक, मुले तीन, आणि दिवसा तो मोबाईल बापाबरोबर कामावर.

ग्रामीण भारतातील ‘असर’ पाहणीचे आकडे येथे बोलके आहेत. शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२० साली ६१.८ टक्के झाले. म्हणजे आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. परंतु २०२१ सालच्या पाहणीत असे दिसले की, घरी स्मार्टफोन असूनही चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडेच होता. बंधुभगिनींनो, ही तफावत सरकारने केलेली नाही की कारखानदाराने केलेली नाही. ती उंबरठ्याच्या आत होते. घरात यंत्र आले आणि त्यावर पहिला हक्क मुलाचा व उरलासुरला मुलीचा असे ठरले, तर ज्या यंत्राने दरी बुजावयाची तेच ती रुंद करील.

दुसरा प्रश्न भाषेचा. आपल्या समाजातील मुले कोणी उर्दू माध्यमात शिकतात, कोणी मराठी, तर कोणी इंग्रजी. धडा कितीही सुंदर असला तरी तो न समजणाऱ्या भाषेत असेल तर मूल केवळ चित्रे पाहते. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ साली गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी काढली, ती पाश्चात्त्य विद्येचे ग्रंथ लोकांच्या भाषेत आणण्यासाठीच. तीच दृष्टी आजही हवी. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून धडे, गोष्टी व स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचविले म्हणून. परंतु त्याआधी त्यांनी मुलांची घरची भाषा कानडी आहे हे ओळखून पुस्तके त्या भाषेत आणली होती, हे विसरू नये. यंत्राच्या आधी त्यांनी मूल पाहिले.

काय विचारावे, काय करावे

पालकहो, शाळेने लॅपटॉपची किंवा व्हिडिओ धड्यांची गोष्ट काढली तर घाबरू नये व भुलूही नये. सभेत उभे राहून, अदबीने पण स्पष्टपणे, काही गोष्टी विचाराव्यात. व्हिडिओ संपल्यावर वर्गात मुले काय करणार आहेत? शिक्षकांना किती दिवसांचे प्रशिक्षण दिले आहे? ज्याच्या घरी नेट नाही त्याला धडा कसा मिळेल? धडे मुलांच्या माध्यमातून आहेत काय? यंत्र बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार आणि तोवर मूल काय करणार? या प्रश्नांची उत्तरे तयार असतील तर खर्च करण्यास हरकत नाही. एखादे उत्तर नसेल, तर यंत्राच्या आधी त्या उत्तराची तजवीज करावी, असा आग्रह धरावा. लॅपटॉप प्रत्येक घरी घेणे शक्य नसेल, तर शाळेच्या ग्रंथालयात किंवा मोहल्ल्याच्या अभ्यासिकेत चार यंत्रे ठेवून पाळीने वापरता येतात. मेक्सिकोतील खेड्यांना तर वर्गाला एक पडदा पुरला.

घरातही नियम हवा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एकमुखाने ठरविले की, रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास सर्व घरांतील टीव्ही व मोबाईल बंद राहतील. मुले त्या वेळात वाचन-लेखन करतात. ज्या गावाला हे साधते ते आपल्या कुटुंबाला का साधू नये? मात्र भोंगा मोठ्यांनाही लागू आहे, हे त्या गावचे खरे शहाणपण.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी. व्हिडिओ धडा पाहताना वही-पेन्सिल जवळ असू द्या. समजले नाही तेथे थांबवा, मागे न्या, पुन्हा ऐका. तुमच्या आजोबांच्या गुरुजींना मागे नेता येत नव्हते, ही सवलत केवळ तुम्हाला मिळाली आहे. प्रत्येक धड्यातून निदान एक प्रश्न लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तो सरांना किंवा बाईंना विचारा. दुसऱ्याने सोडविलेले उदाहरण पाहून ‘मला आले’ असे वाटते, पण ते वाटणे फसवे असते. पडदा बंद करून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सुटले, तरच ते आले असे समजा. दोघे-तिघे मिळून पाहा आणि एकमेकांना समजावून सांगा. दीडशे गावांतील शेतकऱ्यांनी रेडिओभोवती बसून जे केले, ते तुम्ही लॅपटॉपभोवती बसून करावयाचे आहे. आणि घरात बहीण असेल, तर तिची पाळी तिला वेळेवर द्या.

यंत्रे येतच राहतील. आज लॅपटॉप आहे, उद्या प्रश्नांची उत्तरे देणारा बोलका संगणक प्रत्येक बाकावर असेल, आणि त्याची चाहूल लागलेलीच आहे. त्याच्याविषयीही एडिसनसारखी भाकिते होतील, तीच घाई आणि तेच जाहिरातीतील शब्द असतील. तेव्हा एवढेच पाहावे की, यंत्र बंद केल्यावर आपल्या मुलाजवळ कोण बसले आहे. तेथे शिक्षक असेल, आई असेल, बाप असेल, मोठी ताई असेल, तर शंभर रुपयांचे यंत्रही हजाराचे काम करील. तेथे कोणीच नसेल, तर ती खुर्ची भरण्याची सोय आपण आधी करू या. आपल्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या त्याच मुळी मुलांजवळ कोणीतरी बसावे म्हणून.